कुंभार गेला तरी घडा उरतो

मागच्या व्याख्यानात आपण हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः असणारं छिद्र पाहिलं. त्यावर एकांनी विचारलं, "मूल मोठं झाल्यावर बुजवलं तर काय बिघडलं?" श्रोतेहो, याचं उत्तर हृदयात नाही, फुफ्फुसात आहे.

फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांना कमी दाबाची सवय असते. शरीरातल्या रक्तदाबाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर त्यांचं काम चालतं. छिद्र मोठं असलं की डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे घुसतं. फुफ्फुसावर जादा रक्त आणि जादा दाब, दोन्ही येतात. हा मारा सोसता सोसता तिथल्या अतिसूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते, काही तर बुजूनच जातात.

इथेच आपली फसगत होते. वाट अरुंद झाल्यामुळे फुफ्फुसात जाणारं जादा रक्त घटतं. मुलाची धाप कमी होते, वजन वाढतं, छातीत ऐकू येणारी मर्मरही मंदावते. घरचे म्हणतात, सुधारतंय. खरं तर आजार पुढे सरकलेला असतो! पुढे उजवीकडचा दाब डावीकडच्याहून वाढतो, प्रवाह उलटतो, आणि ओठ-नखं निळी पडतात. १८९७ साली व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी अशा एका ३२ वर्षांच्या रुग्णाचं वर्णन केलं. १९५८ साली पॉल वुड यांनी या अवस्थेची नीट मांडणी केली. मूळ अडचण फुफ्फुसातल्या वाहिन्यांच्या अवरोधाची आहे, हे दाखवलं.

मग आता छिद्र बुजवायचं का? नाही. आता तेच उजव्या कप्प्याची सुटकेची वाट झालेलं असतं. ते बंद केलं तर तो कप्पा थकून कोलमडतो. नैयायिक सांगतात, कुंभार हे घड्याचं निमित्तकारण. कुंभार गेला म्हणून घडा फुटत नाही. छिद्राचंही तसंच. बोसेंटन, सिल्डेनाफिल यांसारख्या औषधांनी वाहिन्या थोड्या सैलावतात, धाप हलकी होते; पण जाड झालेल्या भिंती पूर्ववत होत नाहीत. अशा स्त्रीला गर्भारपण तर जिवावर बेतू शकतं.

लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, त्यांची धास्ती नको. मोठं छिद्र मात्र बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच बंद करावं लागतं. म्हणून आपण एवढं लक्षात ठेवू: मोठं छिद्र असलेल्या बाळाची धाप आपोआप कमी झाली, तर तपासणी पुढे ढकलायची नाही, त्याच आठवड्यात हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची.