पाच ते सात
(लेखमाला : कानावर पडलेलं शतक – लेखांक ९)

फ्रेंच भाषेत ‘सँक-आ-सेत’, म्हणजे ‘पाच ते सात’, असा एक शब्दप्रयोग आहे. ऐकायला दवाखान्याच्या पाटीसारखा, अर्थ मात्र चावट. कचेरी सुटल्यापासून घरी जेवायला पोचेपर्यंतचे दोन तास साहेब नेमके कुणाकडे असतात, हे घरच्यांनी विचारू नये असा तो जुना पांढरपेशा संकेत. १९५९ च्या ऑक्टोबरपासून याच दोन तासांवर शाळकरी पोरांनी कब्जा केला. युरोप १ या रेडिओ स्टेशनवर ‘साल्यू ले कोपँ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि लवकरच रोज संध्याकाळी पाच ते सात अशी त्याची वेळ ठरून गेली. शाळा सुटली, दप्तर भिरकावलं, रेडिओ लावला.

गेल्या लेखात आपण पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डपर्यंत आलो होतो. ती रेकॉर्ड फ्रान्समध्ये चार-चार गाणी घेऊन, गायकाच्या झकास रंगीत फोटोच्या वेष्टनात विकली जात होती. पण ती घ्यायची कुणाची आणि का, हे पोरांना कुणी सांगितलं? ते सांगणारा हा कार्यक्रम.

नाव जिल्बेर बेकोच्या एका गाण्यावरून घेतलेलं. ‘काय मित्रांनो!’ असा त्याचा ढोबळ अर्थ. ‘कोपँ’ या शब्दाच्या मुळाशी भाकरी आहे : जो आपल्याबरोबर पाव वाटून खातो तो कोपँ. आपण ज्याला एका ताटात जेवणारा म्हणू, तसा. त्या काळच्या फ्रान्समध्ये मास्तर, पाद्री, दुकानदार, रेडिओवरचा निवेदक, सगळे ‘तुम्ही’च्या अंतरावर. इथे मात्र ‘तू’. दानिएल फिलिपाकी आणि फ्रांक तेनो हे दोघे सूत्रधार वयाने पोरांचे मामा-काका शोभतील असे, मूळचे जॅझचे दर्दी. याच स्टेशनवर जॅझचा कार्यक्रम करून नावारूपाला आलेले. रॉक अँड रोलवर त्यांचा फार जीव होता असं नाही. पण ऐकणारा कोण आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

ऐकणारा होता दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला किंवा नंतर जन्मलेला, पंधरा-सोळा वर्षांचा, खिशात थोडा हातखर्च असलेला. त्याच्या हाती ट्रान्झिस्टर आला होता. दिवाणखान्यातला मोठा रेडिओ म्हणजे घरातलं एक कपाटच. त्याचं बटण वडिलांच्या हातात, आणि बातम्यांच्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं. ट्रान्झिस्टर पांघरुणात शिरू शकत होता.

आता या स्टेशनाची गंमत. फ्रान्समध्ये तेव्हा रेडिओ ही सरकारची मक्तेदारी. खासगी स्टेशनाला फ्रेंच भूमीवरून प्रक्षेपण करायला परवानगी नाही. म्हणून युरोप १ चा स्टुडिओ पॅरिसमध्ये आणि प्रक्षेपण-केंद्र सीमेपलीकडे, जर्मनीच्या सारलँडमध्ये. बोलायचं पॅरिसमध्ये आणि आवाज परदेशातून फिरून पुन्हा पॅरिसला. रेडिओ लक्झेंबर्ग, रेडिओ माँते कार्लो ही याच जातीची. त्यातही कळस असा, की सोफिराद नावाच्या कंपनीमार्फत खुद्द फ्रेंच सरकारचेच युरोप १ मध्ये भाग होते. दारं बंद करायची आणि मागच्या खिडकीचं भाडं घ्यायचं!

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९५२ मध्ये आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर लागली. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकर स्वतः पॅरिसला शिकलेले. सीमेपलीकडचा रेडिओ काय करू शकतो, याचा धडा दोन्ही देशांच्या सरकारांनी एकाच दशकात गिरवला.

कार्यक्रमात आठवड्याचं एक लाडकं गाणं निवडलं जाई, त्याला ‘शूशू’ म्हणत. ते रोज वाजायचं. रोज वाजलं की खपायचं, आणि खपलं की ‘बघा, लोकांना आवडतंच’ म्हणायला मोकळे. युरोप १ चे कार्यक्रमप्रमुख ल्युसियाँ मोरिस एक रेकॉर्ड कंपनीही सांभाळत होते, हे लक्षात घेतलं की आवड आणि धंदा कुठे शिवले गेले होते ते दिसतं. मात्र याला निव्वळ फसवणूक म्हणायला मी तयार नाही. पोरांना फसवायला आधी त्यांची दखल घ्यावी लागते, आणि ती तोवर कुणीच घेतली नव्हती.

१९६२ च्या उन्हाळ्यात फिलिपाकींनी त्याच नावाचं मासिक काढलं. पहिला अंक जुलै-ऑगस्टचा, मुखपृष्ठावर जॉनी हॅलिडे. त्याच जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला. फ्रान्सच्या वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना तिथे आठ वर्षं लढायला पाठवलं जात होतं. आता ते थांबलं. भिंतीवर चिकटवायला गणवेशातला थोरला भाऊ नको, गिटारवाला जॉनी चालेल, असं म्हणू शकणारी ही पहिली पिढी. वर्षभरात मासिकाचा खप दहा लाखांच्या घरात गेला. त्यातली छायाचित्रं जाँ-मारी पेरिए या बावीस वर्षांच्या पोराने काढलेली : गायक झाडावर, गायक मोटारीवर, गायक पायजम्यात. १९६६ च्या एप्रिलमध्ये त्याने चाळीसहून अधिक गायक-गायिका एकाच फोटोत दाटीवाटीने बसवले. शाळेच्या वर्गाचा फोटो असतो तसा. तो ‘शतकाचा फोटो’ म्हणून गाजला.

आणि या वर्गातले विद्यार्थी कोण? जॉनी हॅलिडेचं खरं नाव जाँ-फिलिप स्मेत, वडील बेल्जियन. १९६० मध्ये टीव्हीवर पहिल्यांदा आला तेव्हा त्याला अमेरिकन बापाचा मुलगा म्हणून पेश केलं गेलं. सिल्वी वार्तां बल्गेरियात जन्मलेली. रिचर्ड अँथनी कैरोचा, क्लोद फ्रांस्वाही इजिप्तचाच. एडी मिचेल म्हणजे क्लोद मोआन. एर्वे फोर्नेरीने तर एल्व्हिसच्या सिनेमातल्या पात्रावरून नाव उचललं आणि तो डिक रिव्हर्स झाला. गाणीही बरीचशी उसनी : अमेरिकेत जे वाजलं त्याला फ्रेंच शब्द घालून महिन्याभरात रेकॉर्ड बाजारात. परक्या चालीवर आपले शब्द बसवण्याची कला आपल्याला नाट्यसंगीतापासून ठाऊक आहे. तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही.

२२ जून १९६३. मासिकाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त पॅरिसच्या प्लास द ला नासिओं या चौकात रात्री फुकट कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत निघणार होती, तिचंही निमित्त. वीस-तीस हजार येतील असा अंदाज. आले दीड लाख. ना पोस्टर, ना वर्तमानपत्रात गाजावाजा. फक्त पाच ते सातमध्ये सांगितलं होतं. पोरं झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, मोटारींच्या टपांवर. जॉनी आणि सिल्वीला मंचापर्यंत आणायला पोलिसांची गाडी लागली, एरवी जिच्यातून कैदी नेतात ती. थोडी मोडतोड झाली, फांद्या तुटल्या, टप चेपले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना कापरं भरलं. गुंड, रानटी, तुरुंगात टाका, असा सूर. दीड लाख माणसं एका हाकेवर जमतात आणि त्या हाकेत एकही मागणी नसते, हे मोठ्यांना समजत नव्हतं. संप असता तर समजला असता.

समजून घ्यायचा प्रयत्न केला तो एडगार मोरँ या समाजशास्त्रज्ञाने. जुलैच्या सुरुवातीला ‘ल मोंद’मध्ये त्याचे दोन लेख आले. इंग्रजी ‘यॅ यॅ’चा फ्रेंच उच्चार ‘ये-ये’. हा शब्द त्याने या साऱ्या प्रकाराला लावला आणि तो चिकटला. मोरँला त्यात बाजार दिसला, तसं आणखी काही दिसलं : वयाच्या आधाराने उभा राहिलेला एक नवा समूह. कम्युनिस्ट पक्षानेही हे हेरलं होतं. मे १९६३ मध्ये पक्षाने स्वतःचं तरुणांचं मासिक काढलं, फोटोंसकट. मार्क्ससुद्धा जॉनीच्या वाटेने गेला म्हणायचा!

मुलींची गोष्ट मात्र वेगळी लिहायला हवी. फ्रांस्वाज आर्दी अठरा वर्षांची, लाजरी, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी. या गर्दीत हे दुर्मीळच. २८ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री सगळा फ्रान्स टीव्हीसमोर बसला होता, कारण राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडावा की नाही या सार्वमताचे निकाल येत होते. आकड्यांच्या मधल्या वेळात हिला गायला बसवलं. जोडीजोडीने फिरणाऱ्यांकडे बघत एकटी चालणाऱ्या मुलीचं गाणं. राष्ट्राध्यक्ष द गॉल जिंकले आणि आर्दीही.

फ्रान्स गालच्या वाट्याला हे आलं नाही. १९६५ मध्ये सतरा वर्षांची ही मुलगी लक्झेंबर्गतर्फे युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, ती सर्ज गेन्सबुरच्या गाण्यावर. ते एका बाहुलीचं मनोगत आहे. फ्रेंचमध्ये ‘सों’ म्हणजे भुसाही आणि आवाजही. बाहुली भुशाने भरलेली आणि आवाजाने भरलेली. प्रेमाचा अनुभव नसताना प्रेमाची गाणी गाणारी बाहुली, आणि ते गाणारी तशीच मुलगी. गेन्सबुर पाच ते सातवर हसत होता, त्याच पाच ते सातच्या पैशांवर. पुढच्या वर्षी त्याने तिच्याकडून लॉलीपॉपचं गाणं गाऊन घेतलं. त्यातला दुसरा, अश्लील अर्थ आपल्याला माहीत नव्हता असं ती आयुष्यभर सांगत राहिली. त्या गाण्यातली हुशारी मान्य करूनही मला ती थट्टा आवडत नाही. सगळ्या मोठ्यांना अर्थ माहीत होता, एका तिलाच नव्हता.

एक यंत्र सांगायचं राहिलं. १९६० पासून फ्रान्सच्या कॅफेंमध्ये ‘स्कोपितोन’ दिसू लागला : नाणं टाका, बटण दाबा, वरच्या पडद्यावर रंगीत फिल्मवर गाणं दिसेल. छत्तीस गाण्यांतून निवडायचं. घरच्या कृष्णधवल टीव्हीपेक्षा हे भारी. क्लोद लेलूश हा पुढे गाजलेला दिग्दर्शक अशा फिल्मा करत होता. ये-येची लाट ओसरली तशी ही यंत्रं चकचकीत कॅफेंतून हलली आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मजुरांच्या उपाहारगृहांत जाऊन बसली. तिथे त्यांत अरबी गाणी वाजू लागली, घर सोडून आलेल्यांची.

ट्रान्झिस्टर मात्र पोरांकडेच राहिले. १९५९ मध्ये बारा-तेरा वर्षांची असलेली मुलं १९६८ मध्ये विद्यापीठात होती. त्या वर्षीच्या विद्यार्थी आंदोलनात, १० मेच्या रात्री, पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये त्यांनी रस्त्याचे दगड उखडून अडथळे रचले. सरकारी टीव्ही जवळजवळ गप्प होता. युरोप १ आणि लक्झेंबर्गचे वार्ताहर मोटारींतून थेट वर्णन करत होते, आणि कोणत्या गल्लीतून पोलीस येताहेत हे दगडांच्या ढिगामागची पोरं हातातल्या ट्रान्झिस्टरवर ऐकत होती. खिडक्यांतून लोकांनी आपापले रेडिओ मोठे करून ठेवले होते. त्याच महिन्यात सरकारने या वार्ताहरांच्या गाड्यांच्या बिनतारी लहरी काढून घेतल्या. मग ते जवळच्या घरांची दारं ठोठावून फोन मागू लागले.