मोरीचे पाणी आणि काळी जमीन

गावात पाणी आणण्याविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. वापरून झालेल्या पाण्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. बायका विहिरीवरून हंड्यांनी पाणी आणीत होत्या तोवर हा प्रश्न लहान होता. मोरीचे थोडेसे पाणी परसातल्या केळीला, अळूला जाई आणि तेथेच जिरे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरांचे माप धरले. दोन हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी आले, आणि त्यातले निम्म्याहून बरेच अधिक मोरीवाटे बाहेर पडते. नळ आला तो गटार घेऊनच आला, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघर असे खड्डे केले व त्यांचा बोलबाला राज्यभर झाला. चार फुटी खड्डा, मध्ये भोके पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. खरकटे व साबणाचा मळ टाकीत राहतो, पाणी भोवतालच्या जमिनीत मुरते.

पण खानदेशात यात एक मेख आहे. आपली काळी माती पाणी लागताच फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. उन्हाळ्यात तिला हात शिरेल अशा भेगा पडतात. म्हणून वैशाखात खणलेला खड्डा घटाघटा पाणी पितो, समारंभ होतो, छायाचित्र निघते. श्रावणात तोच खड्डा भरून अंगणात वाहतो. मग त्या डबक्यात क्युलेक्स डास वाढतात. हत्तीरोग पसरविणारे ते हेच. तेव्हा खड्ड्याची परीक्षा पावसाळ्यात घ्यावी, असे आमचे मत आहे.

साक्रीकडच्या माळावर मातीखाली थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. तेथे खड्डा चालेल. मात्र पाणी झटकन गेले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. घाण खाऊन टाकतात ते मातीतले जंतू, आणि त्यांना वेळ लागतो. खडकाच्या फटीतून धावलेले पाणी जसेच्या तसे विहिरीत उतरते. म्हणून खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा, त्याचा तळ पावसाळी पाणपातळीच्या वर राहावा, आणि संडासाचे पाणी त्यात मुळीच सोडू नये; त्याला दोन शोषखड्ड्यांचा निराळा संडास हवा.

रावेर, यावल, चोपड्याकडे मातीचा थर फार खोल. तेथे खड्ड्याचा हट्ट सोडून पाणी झाडांच्या मुळांशी न्यावे. पण तेही रोज एकाच आळ्यात नव्हे, कारण कपड्यांच्या सोड्याने काळी माती चोपण होते. पांझरेकाठच्या आपल्या जुन्या फड पद्धतीत शेताचे फड पाडून पाणी पाळीने फिरवीत आणि एखादा फड पडीक ठेवीत. परसबागेतही चार आळी करून मोरीची नळी आठवड्याला फिरवली तर माती टिकते. (पालेभाजी कच्ची खाण्याची असेल तर तिला हे पाणी देऊ नये.)

दाटीच्या गल्लीत परसच नसते. तेथले पाणी उताराने गावाबाहेरच्या उथळ तळ्यात न्यावे लागते. उन्हात त्यात शेवाळ वाढते, ते पाण्याला प्राणवायू देते, आणि त्यावर जंतू घाण पचवितात. उन्हाची तर आपल्याकडे टंचाई नाही. पाणी तळ्यात शिरते तेथे गाळाची कुंडी बांधावी लागते. तिच्यातला गाळ कोणी व कधी काढावा, हे तळे खणण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून घ्यावे; फडाला पाटकरी असे, तसा या तळ्यालाही एक नेमावा लागतो.