घरी बांधलेल्या जल-झोत नौकेसाठी एंजिनाची निवड

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कित्येक नद्या रुंद, उथळ व गोट्यांनी भरलेल्या आहेत. अशा पात्रात नौकेच्या तळाखाली फिरणारा पंखा टिकत नाही. या अडचणीतूनच १९५० नंतरच्या दशकात विल्यम हॅमिल्टन यांनी जल-झोत नौका सिद्ध केली. १९६० साली अशाच नौका कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. पुढे हेच तत्त्व जलस्कूटरमध्ये आले. आज न्यूझीलंड व उत्तर अमेरिका येथील हौशी मंडळी जुन्या जलस्कूटरचे एंजिन व पंप काढून घेतात आणि स्वतः बांधलेल्या तीन-चार मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नौकेत बसवितात. त्यासाठी कोणते एंजिन भरवशाचे मानावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भरवशाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. या नौकेस सुकाणू नसते. झोताची तोटी वळवूनच दिशा बदलली जाते. एंजिन बंद पडले की गतीबरोबर दिशेवरील ताबाही जातो. खळाळत्या प्रवाहात याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. म्हणून येथे शक्तीपेक्षा विश्वासार्हता हा अधिक मूलभूत निकष होय.

झोताचा रेटा हा दर सेकंदास फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान आणि झोत व नौका यांच्या वेगांतील फरक यांच्या गुणाकाराइतका असतो. समजा, पंप सेकंदास १०० किलोग्रॅम पाणी २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकीत आहे आणि नौकेचा वेग १२.५ मीटर प्रतिसेकंद आहे. रेटा १,२५० न्यूटन भरेल व झोताची आदर्श कार्यक्षमता सुमारे ६७ टक्के येईल. नौका जड झाल्यामुळे वेग ८ मीटरवर उतरला, तर रेटा १,७०० न्यूटन होईल, परंतु कार्यक्षमता ४९ टक्क्यांच्या आत येईल. पंपावरील भार मुख्यतः फेऱ्यांवर, स्थूलमानाने त्यांच्या घनावर, अवलंबून असतो. नौकेच्या वेगाचा त्यावर थोडाच परिणाम होतो. त्यामुळे जड नौकेत एंजिन अडखळत नाही, पण त्यास जवळजवळ पूर्ण शक्तीवर दीर्घकाळ चालावे लागते. हलक्या जलस्कूटरवर वर्षानुवर्षे टिकलेले एंजिन नव्या नौकेत अल्पावधीत निकामी होते, त्याचे एक कारण हेच. यास्तव गरजेपेक्षा काहीशी अधिक शक्ती असलेले एंजिन घेऊन ते पूर्ण शक्तीच्या खाली चालविणे श्रेयस्कर.

दोन-धावी एंजिने हलकी, सुटसुटीत व दुरुस्तीस सोपी असतात. यामाहाचे ७०१ घन सेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे एंजिन याच गुणांमुळे लोकप्रिय झाले. मात्र त्यांतील भुजादंडाच्या बेअरिंगांना व दट्ट्यांना वंगण मिळते ते इंधनाबरोबर येणाऱ्या तेलातून. कार्ब्युरेटर तुंबला किंवा भुजादंडाच्या सीलमधून हवा आत शिरली, की मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते आणि दट्ट्या सिलिंडरात अडकतो. चार-धावी एंजिनांत वंगणाचा मार्ग स्वतंत्र असल्याने हा धोका बराच कमी होतो. त्यांचे वजन व विद्युत् नियंत्रणाची गुंतागुंत मात्र अधिक असते. यामाहाचे १,८१२ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे आणि रोटॅक्सचे १,४९४ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. दोन्हींचे सुपरचार्जर नसलेले प्रकार निवडावेत. रोटॅक्सच्या सुरुवातीच्या सुपरचार्जरमधील सिरॅमिक वॉशर फुटून त्यांचे तुकडे तेलात उतरत. त्यामुळे तो भाग ठराविक तासांनी उघडून दुरुस्त करावा लागे.

शीतनाचा प्रश्न नदीच्या स्वरूपाशी निगडित आहे. यामाहाच्या एंजिनात बाहेरचे पाणीच पंपातून येऊन खेळते. रचना सोपी खरी, परंतु वाळूमिश्रित उथळ पाण्यात तिचे मार्ग तुंबू शकतात. रोटॅक्सच्या या चार-धावी एंजिनात शीतक द्रव बंद मार्गाने फिरतो व तळाखालील पट्टीत निवतो. वाळूच्या नदीस हे अधिक योग्य. मात्र ती पट्टी, अथवा तिच्या तोडीची दुसरी व्यवस्था, नव्या नौकेच्या तळास जोडलीच पाहिजे. आणि निष्कास मार्गास बाहेरचे पाणी तरीही लागतेच.

खरेदीपूर्वी करावयाच्या परीक्षाही ठरलेल्या आहेत. सर्व सिलिंडरांतील संपीडन मोजावे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास कारण शोधल्याविना पुढे जाऊ नये. चार-धावी एंजिनाचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. जमिनीवर नळाचे पाणी जोडून चाचणी घेताना आधी एंजिन सुरू करावे व मग पाणी सोडावे. थांबविताना आधी पाणी, मग एंजिन. हा क्रम चुकल्यास पाणी निष्कास मार्गातून सिलिंडरात उतरते.

शक्यतो सुटे एंजिन न घेता संपूर्ण जलस्कूटरच घ्यावी. एंजिन, इंपेलर व तोटी यांची जुळणी निर्मात्याने केलेली असते. शिवाय तारांचे जाळे, नियंत्रक आणि चावी एकत्र मिळतात. कित्येक सी-डू वाहनांत चावी नियंत्रकाशी सांकेतिक रीतीने बांधलेली असते व तिच्याविना एंजिन चालत नाही.

सारांश, हलकी, एकदोघांची नौका व स्वतः दुरुस्ती करण्याची तयारी असल्यास सुस्थितीतील दोन-धावी एंजिन पुरेसे होय. अधिक भार वाहावयाचा असल्यास सुपरचार्जरविरहित चार-धावी एंजिन घ्यावे, आणि पात्र वाळूचे असल्यास बंद शीतनास प्राधान्य द्यावे. यांपैकी कोणतेही निवडले, तरी नौकेत वल्ही ठेवावीत आणि एंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून हवा खेळती राखावी.