फंडाच्या दोन थैल्या

एरंडोलहून रोज जळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. वय तिशीचे, सेवा ८ वर्षांची, आणि नोकरी नुकतीच सुटलेली. "सर, फंडाचे सगळे पैसे काढतो. विहिरीचं काम होईल," म्हणाला. मी त्याला थांबवले.

फंड ही एक थैली नव्हे, दोन आहेत. पहिली भविष्यनिर्वाह निधीची. १९५२ सालच्या कायद्याने सुरू झालेली. तीत आपला वाटा आणि मालकाच्या वाट्याचा काही भाग व्याजासह साठतो. दुसरी १९९५ सालच्या निवृत्तिवेतन योजनेची. हिच्यात व्याज नाही, वर्षे मोजतात. १० वर्षे भरली, की वयाच्या ५८व्या वर्षापासून तहहयात पेन्शन. आपल्या मागे पत्नीलाही. हिशेब सोपा आहे : सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा १० वर्षे, तर महिना सुमारे २,१४३ रुपये.

पण १० वर्षांच्या आत ही थैली रिकामी केली, तर ठोक रक्कम हाती येते आणि मोजलेली वर्षे पुसली जातात. त्याऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागावे. पुढच्या नोकरीत ती ८ वर्षे जमेस धरतात. मग उरली दोनच.

विहीर पहिल्या थैलीतून खुशाल करावी. कणगीतले दाणे खावेत, बियाण्याला हात लावू नये, हे खानदेशच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे?