नोंद आणि माहिती : ‘सत्यम’च्या निमित्ताने

व्यवसायातील माहिती प्रणाली हा विषय मी शिकवत नाही. मी मराठी शिकवतो. पण द्वितीय भाषा म्हणून मराठी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण वाणिज्य शाखेचे असतात आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या हातात इंग्रजी व्याख्यांची टिपणे दिसतात. अशाच एका विद्यार्थिनीला मी सहज विचारले, “डेटा आणि इन्फर्मेशन यांत फरक काय?” तिने पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. “म्हणजे काय?” या पुढच्या प्रश्नावर मात्र ती गप्प झाली. तिला दोष देता येत नाही. या संज्ञा तिला व्याख्येतच भेटल्या होत्या, कामात कधी भेटल्या नव्हत्या. ते काम आपल्या भाषेला नवे नाही, हे दाखवण्यासाठी हा लेख.

माझे मामा बेगम बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार ते घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहीत. मग तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवीत. महिनाअखेरीला तेरीज, वर्षअखेरीला ताळेबंद. ‘अमक्याला गुळाच्या दहा ढेपा, उधार’ ही रोजकीर्दीतली ओळ एकटी काही सांगत नाही. ती नुसती नोंद आहे. पण खतावणीत त्याच गिऱ्हाइकाच्या नावाखाली तीन महिन्यांची उधारी एकाखाली एक दिसली की तीच माहिती होते. ती पाहून मालक म्हणत, “आता याला माल रोखीनेच द्या.” हा झाला निर्णय. ‘डेटा’साठी मराठीत ‘विदा’ हा शब्द रूढ होऊ पाहतो आहे. त्याला माझा विरोध नाही, पण वर्गात मला ‘नोंद’ अधिक उपयोगी पडतो, कारण नोंद म्हटले की ती कोणी केली, केव्हा केली आणि कशाची केली, हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

संगणकीय प्रणालींचे प्रकारही याच पायऱ्यांवर बसवता येतात. दुकानात बारकोड वाचून बिल करणारी व्यवहार-प्रणाली ही रोजकीर्द. आठवड्याची विक्री, थकबाकी, शिल्लक माल यांचा गोषवारा व्यवस्थापकापुढे ठेवणारी प्रणाली ही तेरीज. या दोहोंपलीकडे आजकाल ज्या एकात्मिक प्रणालीचा बोलबाला आहे, तिचे तत्त्व एवढेच की नोंद एकदाच करायची आणि ती सर्व विभागांनी वापरायची. बिल झाले की त्याच क्षणी गोदामातला साठा घटतो, विक्री वाढते, कर मोजला जातो.

असे एकत्रीकरण केवळ यंत्रे आणून होत नाही. आपल्या शहराने हे ई-सेवा केंद्रांच्या रूपाने पाहिले आहे. डिसेंबर १९९९ मध्ये जुळ्या शहरांत ‘ट्विन्स’ या नावाने प्रयोग झाला आणि ऑगस्ट २००१ पासून तो ई-सेवा म्हणून विस्तारला. त्यापूर्वी विजेच्या बिलाची रांग वेगळी आणि पाण्याच्या बिलाची वेगळी. एका खिडकीवर सगळी बिले भरता येण्यासाठी संगणक हवे होतेच. पण आपले पैसे दुसऱ्याच्या माणसाने स्वीकारावेत, याला प्रत्येक खात्याची संमतीही हवी होती. तंत्रज्ञान व्यवस्थापन नावाच्या विषयाचा मोठा भाग या दुसऱ्या कामाचा आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र यंत्रांनाच जास्त पाने मिळतात.

मामा एकच व्यवहार दोन वह्यांत लिहीत. आज ती दुप्पट मेहनत वाटते, पण त्या मेहनतीत एक पहारा होता. कोठे चूक वा लबाडी झाली तर दोन वह्यांचा मेळ बसत नसे. एकात्मिक प्रणालीत उतरवून काढणे संपले आणि त्याबरोबर हा पहाराही गेला. त्याच्या जागी दुसरे पहारे बसवावे लागतात : कोणाला काय लिहिता येईल याची मर्यादा, एकाच माणसाच्या हाती सगळी साखळी न देणे, आणि केलेल्या प्रत्येक बदलाचा माग. हे पहारे उठले तर काय होते, ते हैदराबादनेच देशाला दाखवले.

१९८७ साली येथे स्थापन झालेल्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे संस्थापक-अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहिले. कंपनीच्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांतील ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत, अशी कबुली त्या पत्रात होती. जगभरच्या कंपन्यांना संगणक प्रणाली करून देणारी ही कंपनी. तिच्याकडे उत्तम प्रणाली नव्हती असे कोण म्हणेल?

तपासात जे पुढे आले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. नेहमीचा क्रम असा होता : कर्मचाऱ्यांनी कोणत्या प्रकल्पावर किती तास काम केले त्याची नोंद, त्यावरून बिलाची आकारणी, आणि शेवटी बीजक. म्हणजे प्रत्येक बीजकामागे कोणीतरी केलेले काम असायला हवे. खोटी बीजके या साखळीतून आलीच नाहीत. ती थेट शेवटच्या, बीजकांच्या प्रणालीत घातली गेली. त्यासाठी ‘सुपर यूजर’ हा सर्वाधिकार वापरला गेला आणि ज्या विभागांच्या नावावर ती बीजके होती, त्या विभागप्रमुखांना ती दिसू नयेत अशी सोयही केली गेली. अशी ७,५६१ बीजके आढळली. विक्रीच्या बेरजेत ती होती, पण ज्याने पाहताक्षणी “हे काम आम्ही केलेच नाही” म्हटले असते, त्याच्या पडद्यावर ती नव्हती. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणी दहा जणांना दोषी ठरवले; पुढे त्या निकालाविरुद्ध अपिले झाली. कंपनी २००९ मध्येच टेक महिंद्राकडे गेली होती.

मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलांना आकड्यांचे नवल वाटते. मला त्या सर्वाधिकाराचे वाटते. प्रत्येक कार्यालयात, अगदी महाविद्यालयाच्या गुणपत्रक विभागातही, अशी एक सर्वाधिकाराची किल्ली असते, आणि बहुधा ती कोणाकडे आहे हे विचारणे शिष्टाचारात बसत नाही.

मागाची, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘ऑडिट ट्रेल’ म्हणतात त्या गोष्टीची कल्पना देण्यासाठी मी सात-बाराचा आधार घेतो. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली तर जुन्या मालकाचे नाव खोडून नाहीसे करत नाहीत. ते कंसात जाते, नवे नाव येते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की बदल केव्हा आणि कशामुळे झाला हे कळते : खरेदीखत, वारसा की वाटणी. त्या विद्यार्थिनीच्या घरची लातूर जिल्ह्यात शेती आहे. हे उदाहरण ऐकल्यावर तिने व्याख्येची वही मिटली आणि आजोबांच्या वारसनोंदीला किती महिने लागले ते सांगू लागली.

कंपन्यांच्या हिशेबांनाही आता असाच फेरफार लागू झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते की ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. नियम चांगला आहे, पण त्याच्या आवाक्याविषयी भ्रम नको. नंतर केलेला बदल तो पकडतो. पहिलीच नोंद खोटी असेल तर तिचाही माग तो तितक्याच इमानाने जपून ठेवतो. ती तपासायला मामा दर शनिवारी पासबुक घेऊन बँकेत जात आणि महिन्यातून एकदा गोदामात उभे राहून ढेपा मोजून घेत.