सुरतेचा बहुरूपी

सुरत म्हटली की आपल्या मंडळींना शिवछत्रपतींची स्वारी आठवते, नाहीतर पानातली घारी. पण १९३८ साली याच शहरात हरिहर जेठालाल जरीवाला नावाचा एक बहुरूपी जन्माला आला. तेच पुढे संजीवकुमार झाले.

१९७४ च्या 'नया दिन नई रात' या बोलपटात त्यांनी नवरसांप्रमाणे नऊ सोंगे घेतली. कुष्ठरोगी काय, दरोडेखोर काय, ढोंगी साधू काय! तमिळमध्ये शिवाजी गणेशन यांनी १९६४ सालीच हा खेळ केला होता. खरे सांगायचे तर संजीवकुमारांची त्यातली काही सोंगे जरा भडकच वाटतात. रंगभूमीवर रंग शेवटच्या रांगेसाठी लावायचा. कॅमेरा तर अगदी नाकाशी येतो, तिथे चिकटवलेल्या मिशीची कडही लपत नाही. बालगंधर्वांची स्त्रीवेषातली छायाचित्रे आजही फसवतात ती केवळ रंगामुळे नव्हे, मानेच्या त्या कलामुळे.

'अंगूर'मध्ये (१९८२) तर दोन्ही अशोकांचा चेहरा एकच. रंगभूषेची मदत जवळजवळ नाहीच. तरी समोर कोणता उभा आहे, हे नुसत्या बोलण्या-वागण्यावरून कळते.

म्हातारपण मात्र त्यांचे हुकमी सोंग. 'परिचय'मध्ये (१९७२) ते जया भादुरींचे वडील, त्याच वर्षी 'कोशिश'मध्ये नवरा आणि 'शोले'त (१९७५) सासरे! तो पिकल्या केसांचा ठाकूर तेव्हा अवघा सदतीस वर्षांचा होता. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. इतक्यांदा रंगवलेले म्हातारपण त्यांना प्रत्यक्षात आलेच नाही.