छपराचं बिल

मी लंडनमध्ये एका सॉलिसिटरकडे घरखरेदीच्या फायली सांभाळते. काउन्सिलच्या घरात भाड्याने राहणारं कुणी ते घर विकत घ्यायचं म्हणून आलं, की पहिला प्रश्न हमखास सवलतीचा. उत्तर ऐकून चेहरे पडतात. १९८० च्या कायद्याने आलेला, भाडेकरूने राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हा हक्क, ‘राइट टू बाय’, स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये मोडीत काढला. इंग्लंडमध्ये तो टिकून आहे, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सवलतीला कात्री लागली. लंडनमध्ये पूर्वी १,३६,४०० पौंडांपर्यंत सूट मिळे. आता बहुतेक भागांत जास्तीत जास्त १६,०००. म्हणजे तीन लाखांचा फ्लॅट २,८४,००० ला.

वकिलाची फी, सर्व्हे, नोंदणी हे खर्च एकदाच होतात. स्टँप ड्यूटी सवलत वजा जाता उरलेल्या किमतीवर लागते, आणि आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर तीन लाखांपर्यंत काहीच नाही. मला धास्ती असते ती पुढच्या खर्चांची.

फ्लॅट असेल तर काउन्सिलने १२ आठवड्यांत ऑफरची नोटीस द्यायची असते. लोक त्यातली किंमत बघतात आणि बाकीचे कागद घडी करून पिशवीत टाकतात. मी मागची पानं उघडायला लावते. पुढच्या पाच वर्षांत छप्पर, खिडक्या, लिफ्ट यांवर काय खर्च होणार आणि त्यात तुमचा वाटा किती, ते तिथे लिहिलेलं असतं. पाच वर्षं काउन्सिलला महागाईपुरती वाढ सोडून त्या आकड्यांच्या वर जाता येत नाही. सहाव्या वर्षापासून हे संरक्षण संपतं.

‘‘गळतं वरच्या मजल्यावर, मी राहते खाली. मी का भरू?’’ एका मावशींनी मला फैलावरच घेतलं. भाडेकरू असताना छप्पर गळलं की काउन्सिलला फोन केला, काम झालं. विकत घेतल्यावर भिंतींच्या आतलं घर १२५ वर्षांच्या लीजवर तुमचं. छप्पर मात्र काउन्सिलचं आणि खर्च सगळ्यांचा. ‘‘मेंटेनन्स आम्ही डोंबिवलीतही भरायचो,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पण मीटिंगमध्ये भांडता तरी यायचं!’’ रास्त आहे. इथे एखाद्या कामात तुमचा वाटा २५० पौंडांवर जाणार असेल, तर काउन्सिलला आधी कळवून तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. निर्णय मात्र तेच घेतात.

आणखी एक. नोकरी गेली तर भाड्याला सरकारी मदत मिळू शकते. मालक झालात की ती बंद आणि हप्ता सुरूच. पहिल्याच वर्षात घर विकलं तर सगळी सवलत परत करायची, मग दरवर्षी पाचवा हिस्सा कमी होत जातो. ही परतफेड विक्रीच्या किमतीच्या टक्केवारीत होते, त्यामुळे भाव चढला असेल तर घेतली त्याहून जास्त सवलत परत जाते.

मावशींना मी एकच काम सांगितलं: त्याच बिल्डिंगमध्ये ज्यांनी आधी घर घेतलंय, त्यांच्याकडून सर्व्हिस चार्जची जुनी बिलं मागून आणा. आणली त्यांनी. जिन्यातल्या दिव्यांचे आणि झाडलोटीचे पैसे वेगवेगळे लावलेले बघून त्यांनी पुढच्या भेटीला मुलाला आणि सुनेला सोबत आणायचं ठरवलं.